टूलबॉक्स टॉकमध्ये नियम वाचू नका, किस्सा सांगा: नव्या सुपरवायझरसाठी

नुकतेच सुपरवायझर झालात किंवा शिफ्ट इन्चार्ज, आणि आता रोज शिफ्टच्या सुरुवातीला दहा-पंधरा जणांसमोर उभं राहून सेफ्टीवर पाच मिनिटं बोलायचंय, म्हणजे टूलबॉक्स टॉक द्यायचाय, तर हे तुमच्यासाठी लिहितोय. बहुतेक जण पहिल्या दिवशी कागद हातात घेतात आणि वाचायला लागतात, हेल्मेट घाला, गॉगल घाला, चालू मशीनमध्ये हात घालू नका, समोरची माणसं माना डोलावतात, रजिस्टरवर सह्या करतात आणि कामाला लागतात. चार तासांनी त्यातल्या एकाला विचारा की आज काय सांगितलं होतं, आठवणार नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही, तेच वाक्य त्यांनी शेकडो वेळा ऐकलेलं असतं. पण त्याच माणसाला विचारा की या प्रेसवर कधी कुणाला लागलंय का, तर तो दहा वर्षांपूर्वीची गोष्ट सगळ्या तपशीलासकट सांगेल, कुठला जॉब चालू होता, बाजूला कोण उभं होतं, आवाज कसा आला, नंतर मशीन किती वेळ बंद होती. ऐकणाऱ्याच्याही ती लक्षात राहते. आपल्याला सेफ्टी सांगायची असेल तर याच वाटेने जावं लागतं, आणि ही गोष्ट शिकता येते, त्यासाठी चांगला वक्ता असावं लागत नाही.

पायरी १: आधी किस्से गोळा करा

बोलायला उभं राहायच्या आधी हातात पाच-सहा खरे किस्से पाहिजेत, आणि शक्यतो तुमच्याच शॉपमधले. ते कुठे मिळतात? फर्स्ट एडचं रजिस्टर, नियर मिसचे (अपघात घडता घडता राहिला अशा प्रसंगांचे) फॉर्म, मेंटेनन्सचं ब्रेकडाऊन लॉगबुक. या तीन ठिकाणी एक-एक ओळीत बरंच काही पडलेलं असतं. "बोटाला खरचटलं, पट्टी केली" एवढंच लिहिलेलं असतं, पण ते बोट कुठल्या मशीनवर, काय करताना खरचटलं हे विचारायला गेलात की मागची गोष्ट बाहेर येते.

खरा साठा मात्र जुन्या माणसांकडे असतो. आणि इथे विचारायची पद्धत फार महत्त्वाची आहे. "सेफ्टीचा काही प्रॉब्लेम आहे का?" असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे, "नाही साहेब, सगळं ओके." हे विचारा: "काका, या मशीनवर तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?" किंवा "उद्या इथे नवा पोरगा लावला तर त्याला पहिली गोष्ट काय सांगाल?" किंवा सरळ "थोडक्यात वाचलो असं कधी झालंय का?" मशीन सेटिंगला थांबलेली असताना, शिफ्ट बदलताना, बाजूला उभं राहून विचारा, आणि तेव्हा हातात वही-पेन नको, वही दिसली की माणूस सांभाळून बोलायला लागतो. नंतर टेबलवर जाऊन लिहून काढा, कुठे, कुठलं काम, काय होता होता राहिलं आणि कशामुळे वाचलं. पुढे किस्सा सगळ्यांसमोर सांगायच्या आधी त्या माणसाला परत भेटून विचारा की सांगू का, चालेल का. नाही म्हणाला तर विषय संपला.

सुरुवातीला नियर मिसच घ्या. कुणाला लागलेलं नसतं, कुणाच्या घरच्यांचं दुःख त्यात नसतं, आणि ज्याच्यावर बेतलं तो माणूस तिथेच उभा असतो आणि वाटलं तर स्वतः दोन शब्द बोलू शकतो.

पायरी २: पहिला किस्सा स्वतःच्या चुकीचा

हे सगळ्यात अवघड आहे आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचं पण. तुम्ही दुसऱ्याच्या चुकीपासून सुरुवात केलीत तर समोरच्यांना एकच गोष्ट कळते, की उद्या आपली चूक झाली तर हा माणूस आपलाही किस्सा असाच सगळ्यांसमोर सांगणार. मग नियर मिस कळवणं बंद होतं.

माझा सांगतो. मी नवीन सुपरवायझर होतो, रात्रपाळी चालू होती, कन्व्हेयरच्या टेल रोलरपाशी, म्हणजे शेवटच्या टोकाच्या रोलरपाशी, पॅकिंगच्या पट्टीचा एक तुकडा अडकला. मी स्टॉप बटण दाबलं, बेल्ट थांबला, आणि मी हात घातला. आयसोलेटर (मशीनची वीज तोडणारा मेन स्विच) बंद केला नाही, दुसऱ्या कुणी तो चालू करू नये म्हणून लावायचं कुलूप लावलं नाही, टॅग नाही, कारण काम दोन मिनिटांचं होतं आणि पुढे गाडी लोडिंगसाठी उभी होती. कन्व्हेयरच्या दुसऱ्या टोकाला जो ऑपरेटर होता त्याला मी दिसत नव्हतो, त्याला वाटलं लाइन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, त्याने त्याच्या बाजूने स्टार्ट दिला. बेल्ट हलला आणि माझी बाही रोलरमध्ये गेली. मी जीव खाऊन मागे ओढलं आणि मनगटावरचं बटण तुटून बाही सुटली. नंतर बघितलं तर बटणाचा दोरा झिजलेला होता, दोन-तीन धाग्यांवर लटकत होतं ते. दोरा मजबूत असता तर हात आत गेला असता. तो हात आज माझ्याकडे आहे तो एका झिजलेल्या दोऱ्यामुळे, माझ्या ट्रेनिंगमुळे नाही.

दोन वर्षं मी हे कुणाला बोललो नाही, लाज वाटायची. मग एका टूलबॉक्स टॉकमध्ये कागद बाजूला ठेवून सांगितलं. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग मागून एक हेल्पर म्हणाला, "साहेब, पण तिथं कुलूप लावायला जागाच नाही." जाऊन बघितलं तर खरंच, त्या पॅनेलच्या आयसोलेटरच्या हँडलला कुलूप अडकवायचं भोकच नव्हतं. आम्ही दोन वर्षं दर आठवड्याला "लॉक लावा" वाचून दाखवत होतो आणि लॉक लावायची सोयच नव्हती, आणि हे त्या हेल्परला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणून तो बोलला नव्हता.

पायरी ३: एकच क्षण पकडा

नवीन माणूस किस्सा सांगताना सगळंच सांगायला जातो, कंपनीचा इतिहास, मशीनचं मॉडेल, नंतरची चौकशी. ऐकणाऱ्याला पाहिजे असतो तो एक क्षण जिथे माणसाने ठरवलं की "असंच करूया". त्या क्षणी त्याला ते बरोबर का वाटलं, हे सांगता आलं तर किस्सा जमला. कारण ऐकणारा मनात म्हणतो, मी पण हेच केलं असतं.

एक उदाहरण बघा. सर्क्युलरची भाषा अशी असते: "ग्राइंडिंग करताना निष्काळजीपणामुळे एक कामगार जखमी होता होता बचावला, तरी सर्वांनी पीपीई (हेल्मेट, गॉगलसारखी संरक्षक साधने) वापरावे." आता हाच प्रसंग असा: "शिफ्ट संपायला वीस मिनिटं होती, एकच वेल्ड घासायचा राहिला होता, तो पण कोपऱ्यात. ग्राइंडिंग व्हील संपलेलं, नवीन आणायला स्टोअरला जावं लागलं असतं, आणि ग्राइंडरला कटिंग व्हील लावलेलंच होतं. गार्डमुळे (व्हीलवरच्या झाकणामुळे) कोपऱ्यात पोचत नव्हतं म्हणून गार्ड काढला. कटिंग व्हील पातळ असतं, त्याच्यावर आडवा दाब दिला की ते सहन करत नाही, ते फुटलं, आणि एक तुकडा येऊन गॉगलच्या डाव्या काचेवर बसला. हा तो गॉगल." आणि गॉगल हातात द्या, एकेकाला बघू द्या, काचेवरच्या त्या खड्ड्यावरून बोट फिरवू द्या.

दुसऱ्या पद्धतीत "निष्काळजीपणा" हा शब्द कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. हा शब्द मी माझ्यापुरता बंद केलाय. तो वापरला की विचार तिथेच थांबतो, तो माणूस निष्काळजी होता, मी नाही, विषय संपला. वीस मिनिटं, लांबचं स्टोअर आणि कोपऱ्यातला वेल्ड हे मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतं. आणि यातूनच कामाच्या गोष्टी निघतात, लहान साइजचा ग्राइंडर लागेल का, जादा व्हील शॉपमध्येच ठेवता येतील का.

मोठे अपघात सांगताना पण हेच करा. पायपर अल्फा ऐकलं असेल, उत्तर समुद्रातला तेल आणि गॅसचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८ ला रात्री स्फोट झाले आणि १६७ माणसं गेली. बहुतेक ट्रेनिंगमध्ये आग दाखवतात आणि हा आकडा सांगतात. १६७ हा आकडा ऐकून वाईट वाटतं, पण त्यावरून आज आपण काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी हे सांगा: दोन पंप होते, एक चालू, एक मेंटेनन्सला. मेंटेनन्सच्या पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीने काढून नेला होता आणि त्या जागी ब्लाइंड फ्लँज (पाइपचं तोंड बंद करणारी चकती) बसवला होता, जो गॅस अडवण्याइतका घट्ट नव्हता. व्हॉल्व्हचं काम त्या दिवशी संपलं नाही. पंपाच्या कामाचा परमिट (कामाची लेखी परवानगी) वेगळा होता, व्हॉल्व्हचा वेगळा. रात्री चालू पंप बंद पडला, परत सुरू होईना, आणि रात्रपाळीच्या माणसांनी दुसरा पंप घ्यायचं ठरवलं, कारण त्याच्यावर व्हॉल्व्ह नाही हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? एवढं सांगून झालं की आपलाच कालचा परमिट काढा आणि विचारा, हे काम अर्धवट राहिलंय हे पुढच्या शिफ्टला कुठून कळेल? आमच्याकडे हे विचारलं तेव्हा तीन जणांनी तीन वेगळी उत्तरं दिली, आणि हँडओव्हरची वही त्या आठवड्यापासून बदलली.

पायरी ४: सांगायची पद्धत

तीन मिनिटं, जास्तीत जास्त चार. उभं राहा ते शक्यतो त्या मशीनपाशीच, मीटिंग रूममध्ये तोच किस्सा निम्मा होतो. आवाज असेल तर मशीन थांबवून बोला, ओरडून किस्सा सांगता येत नाही. स्लाइड नको. वस्तू पाहिजे, तुटलेला स्लिंग, जळालेला हातमोजा, खड्डा पडलेला गॉगल. आपल्या रोजच्या बोलीत बोला, "सदर कर्मचाऱ्याने" असं कुणी बोलत नाही. टीममध्ये वेगवेगळ्या भाषांची माणसं असतील तर किस्सा आणखी छोटा करा आणि हाताने करून दाखवा, हात कुठे होता, बेल्ट कुठल्या दिशेला गेला. ठेकेदाराची माणसं मागे उभी राहतात, त्यांना पुढे बोलवा, जोखमीची कामं बहुतेक वेळा त्यांच्याच वाट्याला असतात.

आणि किस्सा फुगवू नका. थोडं वाढवून सांगायचा मोह होतो, पण समोर असा एक तरी असतो जो त्या दिवशी तिथे होता, आणि त्याने एकदा मान हलवली की तुमचे पुढचे सगळे किस्से गेले.

काय करायचं नाही

रक्ताचे फोटो दाखवू नका. त्याने माणसं नजर वळवतात आणि मनाचे दरवाजे बंद करून घेतात, आणि दाखवणाऱ्याचा राग येतो तो वेगळाच. ज्याला लागलंय किंवा जो गेलाय त्याचा किस्सा त्याच्या किंवा घरच्यांच्या परवानगीशिवाय नको, समोर त्याचा भाऊ, मित्र उभा असू शकतो. नाव घ्यायची गरज नसते. आणि चौकशी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा, अर्धवट माहितीवर सांगितलेला किस्सा म्हणजे अफवाच.

नाव न घेता किस्से सांगून किती शिकता येतं याचं विमानक्षेत्रातलं उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत १९७६ पासून एक पद्धत चालू आहे, नासा ती चालवते, पायलट, कंट्रोलर, मेंटेनन्सवाले आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला प्रसंग स्वतःहून कळवतात, त्यातली ओळख काढून टाकली जाते, आणि निवडक प्रसंग दर महिन्याच्या पत्रकात सगळ्यांना वाचायला मिळतात. माणसं कळवतात, कारण कळवलं म्हणून आपल्यावर उलटणार नाही याची त्यांना खात्री आहे. आपल्या शॉपमध्ये एवढी मोठी यंत्रणा नसेल, पण ही खात्री देणं सुपरवायझरच्या हातात असतं.

पायरी ५: मग गप्प बसा

किस्सा संपला की आपली जीभ लगेच पुढे पळते, "तर यावरून आपण काय शिकलो, तर..." नको. एक प्रश्न विचारा आणि थांबा. "आपल्याकडे हे कुठे होऊ शकतं?" मग मनात दहापर्यंत मोजा. फार लांब वाटतं, पाचव्या आकड्याला वाटतं की आता आपणच बोलावं, पण थांबा. कुणीतरी बोलतं. आणि जे बोलेल ते त्याच्यासमोर लिहून घ्या, या वेळी वही पाहिजेच.

आता इथून पुढचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. किस्सा म्हणजे गार्ड नव्हे. तो सांगितल्याने रोलर झाकला जात नाही, इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारी सोय) बसत नाही. माणसाने मन उघडून सांगितलं आणि पंधरा दिवसांत काहीच हललं नाही तर ती टीम परत बोलत नाही, आणि आधीपेक्षा जास्त घट्ट गप्प बसते. त्या हेल्परने आयसोलेटरचं सांगितलं तेव्हा मी त्याच दिवशी मेंटेनन्सला जाऊन बसलो. पुढच्या शटडाऊनला लॉक लावता येईल असा आयसोलेटर बसला, टेल एंडला पुलकॉर्ड (ओढली की बेल्ट थांबवणारी दोरी) आली, आणि तोपर्यंत काय, तर मेन पॅनेलचा फीडर, म्हणजे कन्व्हेयरला वीज देणारा स्विच, बंद करून तिथे कुलूप लावायचं असं ठरवलं. दर आठवड्याला बोर्डवर लिहायचो, काम कुठवर आलंय. एक वेळ उशीर चालतो, पण उशीर का होतोय ते सांगितलं पाहिजे. जे होणार नाही ते पण सांगा, कारणासकट.

वरच्यांना पण किस्साच सांगा

मॅनेजमेंटकडे पैसे किंवा बंद वेळ मागायला जाताना आपण टक्केवारी घेऊन जातो. बरोबर एक किस्सा घेऊन जा, आणि जमलं तर त्यांना त्या मशीनपाशी घेऊन या.

मोठ्या पदावरची माणसं हे करू शकतात याचं उदाहरण म्हणजे पॉल ओ'नील. १९८७ मध्ये ते अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याआधी कामगारांच्या सेफ्टीवर बोलले. काही महिन्यांत एका प्लांटमध्ये मशीनमधला अडकलेला तुकडा काढायला गेलेला एक तरुण कामगार गेला. त्यांनी वरिष्ठांना बसवून तो प्रसंग टप्प्याटप्प्याने समोर मांडला आणि सांगितलं की याची जबाबदारी माझी आणि तुमची आहे. कामगाराची चूक असं म्हणून फाइल बंद करता आली असती, त्यांनी ती केली नाही. पुढच्या तेरा वर्षांत त्या कंपनीत दर १०० कामगारांमागे कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचं प्रमाण वर्षाला १.८६ वरून ०.२ च्या आसपास आलं. नुसत्या बोलण्याने ते झालं नाही, मशीन बदलल्या, पद्धती बदलल्या, पण कुठून सुरुवात झाली ते बघा.

वरच्यांसाठी दुसरा किस्सा डीपवॉटर होरायझनचा ठेवा. २० एप्रिल २०१० ला समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या त्या ड्रिलिंग रिगवर स्फोट होऊन ११ माणसं गेली. त्याच दिवशी कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आलेले होते, आणि सात वर्षं कामाचा दिवस बुडवणारा अपघात झाला नाही याचं कौतुक चाललं होतं. गेटवरच्या "अपघातमुक्त दिवस" बोर्डकडे बघून कुणी निश्चिंत होत असेल तेव्हा हा सांगा. पाय घसरण्याचे, बोट चिरण्याचे आकडे शून्य असले तरी विहिरीतला गॅस त्या आकड्यांत दिसत नाही.

चांगले किस्से विसरू नका

सगळे किस्से चुकीचेच असतील तर टीमला वाटतं की सेफ्टी म्हणजे बोलणी. ज्याने काम थांबवलं त्याचा किस्सा सांगा. आमच्याकडे परांचीवर चढायच्या आधी एका नव्या पोराने खालून हलवून बघितली, एक क्लॅम्प सैल निघाला, त्याने चढायला नकार दिला आणि सगळं काम दीड तास थांबलं. त्या दीड तासावरून वरून फोन येत होते. दुसऱ्या दिवशी मी टॉकमध्ये त्याला विचारलं, तुझ्या मनात काय आलं ते सांग, तो एवढंच म्हणाला की "हाताला लागलं साहेब, हलत होती." आणि मी सगळ्यांसमोर त्याचे आभार मानले. त्यानंतर परांचीवर चढायच्या आधी ती हलवून बघायची सवय आपोआप लागली, मी कुठला नियम काढला नाही.

काम होतंय हे कसं कळणार

पहिल्या दोन-तीन महिन्यांत नियर मिसची संख्या वाढते. घाबरू नका, पण साहेबांना आधीच सांगून ठेवा की वाढणार आहे, नाहीतर ते ग्राफ बघून तुम्हालाच विचारतील की तुमच्या शिफ्टमध्ये एवढं काय चाललंय. प्रसंग आधी पण घडत होतेच, आता कळायला लागलेत. फॉर्मवरची भाषा पण बघा, "काळजी घ्यावी" ऐवजी "पॅनेलमागे अंधार आहे" असं यायला लागलं की समजा माणसं तुमच्यासाठी लिहितायत, फाइलसाठी नाही.

आणि एक खूण मला नंतर कळली. बऱ्याच दिवसांनी मी कन्व्हेयरच्या बाजूने जात होतो, तो हेल्पर आता ऑपरेटर झालाय, तो एका नव्या पोराला टेल रोलरपाशी उभं करून माझ्या बटणाची गोष्ट सांगत होता. माझं नाव त्यात नव्हतं, "एक साहेब होते" एवढंच. सांगून झाल्यावर त्याने आयसोलेटर बंद केला, कुलूप लावलं, चावी त्या पोराच्या खिशात टाकली आणि म्हणाला, आता स्टार्ट दाबून बघ.